भूगोलाचे सर गेले : वाईच्या माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

वाईतील आमच्या शाळेत १९६८ च्या जूनपासून तीन दशकांहून अधिक काळ भूगोल शिकवणारे आमचे सर गेल्या महिन्यात वार्धक्याने गेले. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे लिहीत नाही. जे त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांना ‘भूगोलाचे सर’ एवढे म्हटले तरी पुरे आहे. शोकसभेत बहुतेकांनी त्यांचा प्रेमळ स्वभाव, साधी राहणी आणि वक्तशीरपणा यांविषयी सांगितले. ते सारे खरे आहे, परंतु तसे कोणत्याही चांगल्या शिक्षकाविषयी म्हणता येते. सर वर्गात नेमके काय करत आणि अवघड गोष्ट कशी उलगडून दाखवत, याविषयी तेथे फार थोडे बोलले गेले. माझ्या मते जपायला हवे ते हेच, आणि त्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात मी करतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशाचा धडा आठवीत होता. पुस्तकात सह्याद्रीचा आडवा छेद, ढग आणि बाण अशी नेहमीची आकृती होती. सरांनी पुस्तके मिटायला सांगून फळ्यावर एकाखाली एक चार नावे लिहिली : महाबळेश्वर, पाचगणी, वाई, दहिवडी. प्रत्येक गावी वर्षाला किती पाऊस पडतो, याचा अंदाज त्यांनी आम्हालाच करायला लावला. मग त्यांनी आकडे लिहिले. महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, पाचगणीला दीड-दोन हजार, वाईला सात-आठशे आणि माण तालुक्यातल्या दहिवडीला त्याहूनही पुष्कळ कमी. महाबळेश्वर ते वाई हे अंतर रस्त्याने तेहतीस किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने तासाभरात पसरणीचा घाट उतरून आपण जेथे येतो, तेथे पाऊस एवढा घटलेला असतो, हे आमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले होते. पावसाळ्यात वर धुक्यात भिजून आलेला माणूस वाईच्या स्थानकावर उतरताना छत्री मिटतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. मात्र यात शिकण्यासारखे काही आहे, असे कोणी आम्हाला सांगितले नव्हते. समुद्रावरून आलेले वारे डोंगर चढताना थंड होतात आणि पाणी सोडतात, पलीकडे उतरताना तेच वारे तापतात आणि कोरडे होतात, हे कारण सरांनी सर्वांत शेवटी सांगितले. आधी आमच्या डोळ्यांनी पाहिलेले आमच्याकडूनच वदवून घ्यायचे आणि कारणाकडे नंतर वळायचे, हा क्रम त्यांनी कधी मोडल्याचे मला आठवत नाही.

आपण कोणत्या वर्षांच्या तुकडीत होता, हे कृपया लिहावे. सविस्तर लिहावे.

माणदेशी

मी दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतला. १९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी मला वाईला मामांकडे शिकायला ठेवले. आपण ज्या तासाविषयी लिहिले आहे, तो तास सर दरवर्षी घेत असावेत, कारण आमच्याही वर्गात फळ्यावर हीच चार नावे होती. मला मात्र त्या तासातली वेगळीच गोष्ट स्मरते.

दहिवडीचा आकडा लिहिल्यावर सरांनी मला उभे केले आणि वर्गाला म्हणाले, “एवढ्या पावसावर वर्ष कसे काढतात, हे मला पुस्तकातून माहीत आहे. याला ते घरातून माहीत आहे. आज हा शिकवील.” तोवर त्या वर्गात मी बोलण्याच्या ढंगावरून आणि कपड्यांवरून ओळखला जाणारा मुलगा होतो. मी सांगू लागलो. बाजरी आणि मटकी कधी पेरतात, विहिरीचा तळ दिसू लागल्यावर पाणी कसे वाटून घेतात, मेंढपाळ कोणत्या महिन्यात कळप घेऊन बाहेर पडतात, दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आईबरोबर मी कसा जात असे आणि रेशनवर मिळणारा तांबडा मिलो भाकरीला कसा लागे, हे सारे मी सांगितले. सर शेवटच्या बाकावर बसून वहीत टिपून घेत होते. मध्येच त्यांनी हात वर करून प्रश्न विचारला : शेततळ्यात साठलेले पाणी किती दिवस टिकते? मी उत्तर दिले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

माझ्यावर उपकार करतो आहोत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. त्यांना ती माहिती खरोखरच हवी होती. पुढे मी कृषी खात्यात नोकरी केली आणि पाणलोट विकासाच्या कामानिमित्त गावोगावी बैठका घेतल्या. गावच्या माणसाकडून आधी ऐकून घ्यायचे आणि ऐकलेले लिहून ठेवायचे, हे मला त्या दिवशी शेवटच्या बाकावर दिसले होते.

जुनी मॅट्रिक

मी अकरावी मॅट्रिकच्या काळातली विद्यार्थिनी. सर नवीन रुजू झाले होते, तेव्हाची ही हकिकत आहे. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, तरीही येथे केवळ गुणगान लिहिले जाऊ नये असे वाटते.

सरांनी शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवले होते. भिंतीची जेवढी उंची, तिच्या दुप्पट अंतर सोडून ते उघड्यावर बसवायचे, नाहीतर वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस अडतो, असे त्यांनी सांगितल्याचे पक्के लक्षात आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता एका विद्यार्थ्याने मोजपात्रात पाणी ओतून आकडा वहीत लिहायचा आणि पुढे आपल्या नावाची आद्याक्षरे लिहायची, अशी पद्धत होती. ही पाळी पहिल्या पावसाळ्यात फक्त मुलांना लावण्यात आली. आम्ही दोघी-तिघींनी जाऊन कारण विचारले. सर क्षणभर थांबले, मग म्हणाले, “कारण काहीच नाही.” पुढच्या सोमवारपासून मुलींची नावे पाळीत आली. एवढ्या सरळपणे आपला निर्णय बदलणारे शिक्षक त्या काळी आम्ही पाहिले नव्हते.

मात्र पांडवगडावरची सहल तशीच राहिली. मुले गडावर जाऊन नकाशातल्या समोच्चरेषा प्रत्यक्ष उतारावर ताडून पाहत आणि आम्ही शाळेच्या गच्चीवरून तोच गड कागदावर काढत असू. पालक परवानगी देणार नाहीत, असे शाळेने गृहीत धरले होते आणि सरांनीही त्या वेळी ते मान्य केले. नंतरच्या तुकड्यांतल्या मुली गडावर गेल्या असे ऐकले, त्याचा आनंद आहे. आमची तेवढी उणीव राहिली, आणि सरांविषयी लिहिताना ती वगळावी असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ते जसेच्या तसे राहील. आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, सर मुलींच्या घरी स्वतः जाऊन पालकांशी बोलत आणि शाळेतल्या एक बाई सोबत येत. आपल्या तुकडीच्या वेळी जे घडले नाही, ते त्यांच्या मनात राहिले असावे असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे.

दूरदेशी

मी १९९४ च्या दहावीच्या तुकडीतली, सध्या टोरांटोत राहते. सरांची शून्य सावली कोणाला आठवते का?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर सुट्टीत, गावात असतील तेवढ्या मुलांना सर मैदानावर बोलावत. वाई साधारण अठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकताना त्या सुमारास बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि जुलैअखेरीस परतताना पुन्हा एकदा येतो, परंतु तेव्हा आभाळ भरलेले असते. सर ओळंब्याने काठी सरळ उभी करत. घड्याळात बारा वाजत आणि काठीला सावली असेच. आम्ही गोंधळून जायचो. मग ते विचारत, “हे बारा कोणाचे?” भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे, वाई चौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित अलीकडे आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात, तेव्हा हिशेब करा, असे म्हणून ते गप्प बसत. आम्ही मातीत बोटाने गुणाकार करायचो आणि चौतीस-पस्तीस मिनिटे येत. प्रत्यक्षात सावली साडेबारा वाजून गेल्यावर लगेचच, म्हणजे आमच्या हिशेबापेक्षा तीन-चार मिनिटे आधी, काठीच्या बुंध्यात जाई. हा फरक का पडतो, हे त्यांनी आम्हाला दहावीपर्यंत सांगितले नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाशी कधी पुढे तर कधी मागे असतो, हे उत्तर मी महाविद्यालयात गेल्यावर स्वतः शोधले आणि त्यांना पत्राने कळवले. त्यांचे उलट टपाली कार्ड आले. त्यावर एकच वाक्य होते : “तीन मिनिटे विसरली नाहीस, आनंद वाटला.”

मुलीला शून्य सावली दाखवायची माझी फार इच्छा होती. पण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. शेवटी २१ जूनला आम्ही दोघींनी एक मीटरची काठी उभी करून वर्षातली सर्वांत लहान माध्यान्ह सावली मोजली. ती सदतीस सेंटिमीटरच्या आसपास भरली. त्यावरून तिने आमच्या गावाचे अक्षांश काढले आणि ते अर्ध्या अंशाच्या आत बरोबर आले. त्या रात्री मी सरांना दूरध्वनी केला, तेव्हा ते मुलीशी मराठीत पुष्कळ वेळ बोलले आणि काठी ओळंब्यात होती का, हे त्यांनी आधी विचारून घेतले.

तुकडी ब

धाग्यात अजून ३० सप्टेंबर १९९३ चा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहितो. मी त्या वर्षी नववीत होतो.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. शाळेत मुले घाबरलेली होती. कोणी म्हणे विसर्जनात काही चुकले म्हणून असे झाले, कोणी म्हणे आता सातारा जिल्ह्याची पाळी. सरांनी त्या दिवशी दुसरा कोणताही विषय घेतला नाही. फळ्यावर त्यांनी दोन तारखा लिहिल्या : ११ डिसेंबर १९६७, कोयना, ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. कोयनेच्या भूकंपाची झळ त्यांनी स्वतः अनुभवली होती. कोयनेच्या परिसरात धरण भरू लागल्यापासून धक्के जाणवत होते आणि जलाशयातील पाण्याचा त्या भूकंपांशी संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. किल्लारीचा भाग मात्र स्थिर मानला जात असे आणि तेथली घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची होती. हे सांगून सर म्हणाले, “माणसे भूकंपापेक्षा भिंतींखाली अधिक मेली आहेत.” तेव्हा मृतांचा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, पुढे तो दहा हजारांच्या जवळ गेला.

नंतर त्यांनी प्रत्येकाला आपापल्या घराचा आराखडा काढायला लावला. भिंती कशाच्या आहेत, दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, आजी कोठे झोपते, फडताळावर जड काय ठेवले आहे, हे त्यात लिहायचे होते. मी घरी जाऊन आजीच्या अंथरुणावरच्या फळीवरून तांब्याचा हंडा खाली काढला. भीती घालवण्यासाठी त्यांनी आम्हाला धीराचे शब्द सांगितले नाहीत. काम दिले.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यांची पाहणी करताना आजही मी आधी माणसे कोठे झोपतात, हे विचारतो.

नोंदकार

मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शाळेत होतो. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आमच्या गावात चालत असे आणि पहिला खंड १९७६ साली आला होता. गावातल्या बहुतेकांना ती इमारत ठाऊक होती, पण आत काय चालते याची कल्पना नव्हती. सरांनी ग्रंथालयातून तो खंड वर्गात आणवला आणि एका नदीची नोंद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. उगम, लांबी, उपनद्या, खोरे, धरणे, काठावरची गावे हा क्रम आम्ही वहीत लिहून घेतला. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या गावच्या ओढ्याची नोंद त्याच शिस्तीत लिहायची होती. विशेषणे वापरायची नव्हती. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘खळाळणारा’ असे शब्द आले की सर त्यांच्याखाली रेघ मारून समासात लिहीत : “किती?”

माझा ओढा मेणवलीच्या बाजूचा होता. तो कोठून निघतो, हे विचारायला मी शेतकऱ्यांकडे गेलो, तेव्हा प्रत्येकाने निराळी जागा सांगितली. सरांना हे सांगितल्यावर ते फार प्रसन्न झाले आणि म्हणाले, “मग तिन्ही जागा लिही, आणि कोणी सांगितल्या तेही लिही.” मी आयुष्यभर संपादनाचे काम केले. मजकुरात मतभेद असेल तर तो लपवू नये, ही शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमात मला मिळाली नाही, ती त्या ओढ्यावर मिळाली.

ज्यांना सरांच्या गुणदानाचा राग होता, त्यांनीही येथे लिहावे. नकाशावर प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवली नाही तर ते पूर्ण नकाशाला शून्य गुण देत. मला ते तेव्हाही योग्य वाटत असे. माझ्या मित्राला आजही वाटत नाही.

पाणलोट

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. सरांच्या पावसाच्या वह्यांविषयी वर उल्लेख आला आहे, म्हणून त्याविषयीच लिहितो. भावनेपलीकडे जाऊन तातडीने काही करायला हवे असा हा भाग आहे.

निवृत्तीनंतर सरांनी पर्जन्यमापक घरच्या अंगणात नेले आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत रोजची नोंद ठेवली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला आणि आपल्या वाई तालुक्यात तसेच पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, त्या दिवसांच्या नोंदीही त्यांच्या वहीत आहेत. मी त्या वेळी त्यांना भेटलो होतो. त्यांनी मला विचारले, “चोवीस तासांचा आकडा सगळे सांगतात. तासातासाला किती पडला, हे डोंगराखालच्या वाडीला कोण सांगणार?” या प्रश्नावर मी नोकरीत असताना पुष्कळ बैठकांना बसलो आहे, परंतु इतक्या नेमकेपणाने तो कोणी मांडलेला ऐकला नाही.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे त्यांनी आम्हाला सहावीत शिकवले होते. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजून वर्षभरात त्यावरून किती पाणी वाहून जाते, हे काढायला लावले होते. वाईचा साधारण पाऊस धरला तर शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला सत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी पडते. सत्तरच्या दशकात धोम धरणाचे काम चालू असताना ज्यांची जमीन बुडणार होती अशी मुले वर्गात होती. त्यांच्यादेखत सर हा हिशेब करून घेत आणि धरणाचे पाणी कोणाच्या शेतात साठते व कोणाच्या शेताला मिळते, हेही स्पष्ट सांगत. त्याबद्दल काही लोकांनी शाळेकडे तक्रार केली होती. सरांनी तास बदलला नाही.

आता वह्यांविषयी. शेकडो मुलांच्या हस्ताक्षरातल्या, एकाच गावाच्या, पन्नास वर्षांहून अधिक काळाच्या या नोंदी आहेत. अभ्यासकाला त्यांचा उपयोग व्हायचा असेल तर आकडा पुरेसा नसतो. मापक कोठे होते, कधी हलवले, कोणत्या दिवसांची नोंद चुकली, हेही लागते. सरांनी मापक हलवल्याच्या तारखा तांबड्या शाईने लिहिल्या आहेत, हे मी पाहिले आहे. चुकलेल्या दिवशी शून्य न लिहिता आडवी रेघ मारलेली आहे. म्हणजे पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यांतला भेद त्यांनी सहावीच्या मुलांकडूनही पाळून घेतला होता. तहसीलच्या नोंदींशी या वह्या ताडून पाहता येतील. पण कागद जीर्ण झाला आहे आणि पावसाळा तोंडावर आहे.

माणदेशी

पाणलोट यांच्याशी पूर्ण सहमत. माझी एकच विनंती आहे : वह्या कोणत्याही एका संस्थेच्या कपाटात बंद होऊ नयेत. प्रत्येक पानाचे छायाचित्र सर्वांना पाहता यावे.

जुनी मॅट्रिक

आद्याक्षरांचे काय करणार? आकड्यांचा तक्ता करताना ती गाळली जातील, असे मला दिसते. तक्त्यात एक रकाना त्यासाठी ठेवावा. कोणत्या दिवशी कोणी मोजले, हा नोंदीचाच भाग आहे, आणि सरांनी तो तसा मानला होता.

पाणलोट

ताईंची सूचना योग्य आहे. मोजणारा बदलला की वाचनात बारीक फरक पडतो, त्यामुळे शास्त्रीय दृष्टीनेही हा रकाना हवा.

कृष्णाकाठ

सरांच्या मुलाशी आज बोललो. वह्यांची छायाचित्रे घेण्यास कुटुंबाची संमती आहे. मूळ वह्या सध्या घरीच राहतील आणि कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवल्या जातील. येत्या दोन रविवारी वाईत असणाऱ्यांनी सकाळी सरांच्या घरी यावे. छायाचित्रे काढण्याचे काम तुकडी ब आणि मी पाहू. आकडे तक्त्यात उतरवण्यासाठी बाहेरगावच्या मंडळींनी एकेक वर्ष वाटून घ्यावे. दूरदेशी यांनी १९९० ते १९९४ ही वर्षे मागितली आहेत, ती त्यांना दिली. नोंदकार सर्व तक्ते मूळ पानांशी ताडून पाहतील.

१९८३ च्या पावसाळ्याची वही गठ्ठ्यात सापडलेली नाही. त्या वर्षी पाळीवर असलेल्या कोणाकडे ती राहिली असल्यास, किंवा शाळेच्या जुन्या कपाटांत कोणाच्या पाहण्यात आली असल्यास, कृपया येथेच कळवावे.